घोषणा एक्सवर, मुदत राजपत्रात

मंडळी, पर्यावरणावर बोलणाऱ्या नेत्याला फॉलो करायला एक बोट पुरतं. त्यातून हाती काही लागायला हवं असेल, तर पोस्टमध्ये काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं. कागद कुठला, त्यावरची तारीख कुठली आणि तो कोणत्या विभागाने काढला, एवढंच शोधा. बाकी मजकूर वाचला नाही तरी चालेल.

काँग्रेसचे जयराम रमेश यांचं एक्सवरचं (पूर्वीचं ट्विटर) खातं पाहा. २००९ ते २०११ या काळात ते केंद्रीय पर्यावरणमंत्री होते. बीटी (जनुक बदललेल्या) वांग्याला स्थगिती आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ यांची समिती, हे दोन्ही निर्णय २०१० मधले. आता त्यांच्या खात्यावर राजकीय चिमटेच जास्त दिसतात. पण २०२४ मध्ये ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पाबद्दल पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांना लिहिलेली पत्रं त्यांनी तिथेच जाहीर केली. अशा वेळी वरच्या दोन ओळींवर थांबू नका. पत्राची पानं उघडा आणि त्यात उल्लेख झालेल्या समित्या, आदेश, तारखा टिपून घ्या. पुढचा शोध तिथूनच सुरू होतो.

सल्लागार ओळखणं जरा कठीण. ओएसडी (मंत्र्यांचे विशेष कार्य अधिकारी) आणि खासगी सचिव सहसा गप्प असतात. बोलतात ते समित्यांचे माजी सदस्य, संशोधक, वकील. मंत्री कोणाचा अहवाल वारंवार पुढे पाठवतात, बैठकीच्या फोटोत कोण बसलंय, यावरून अंदाज येतो. मात्र प्रोफाइलवर ‘सल्लागार’ लिहिलं म्हणून कोणी सल्लागार होत नाही. राज्य सरकारने नेमणूक केली असेल तर तिचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, शोधा. जीआरवर सांकेतांक असतो. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. निळ्या टिकेवर तर मुळीच विसंबू नका, ती पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करड्या रंगाची टिक असते.

एक्सवर खासगी लिस्ट करा, वीस-पंचवीस खात्यांची. लिस्ट खासगी असली की त्यात घातल्याचं त्या माणसाला कळत नाही. विरोधी पक्षाची खातीही घ्या, नाहीतर अर्धंच चित्र दिसेल. घंटी, म्हणजे नव्या पोस्टची सूचना, दोन-तीन खात्यांनाच लावा; सगळ्यांना लावली तर आठवड्याभरात तुम्हीच ती बंद कराल. महत्त्वाच्या पोस्टचा नुसता स्क्रीनशॉट काढू नका. दुवा, वेळ आणि जोडलेली पीडीएफ जपून ठेवा. सत्ता बदलली की पोस्ट आणि खात्यांची नावंही बदलू शकतात.

आता खरी गल्लत कुठे होते ते सांगतो. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेच्या सहाव्या मसुद्यावर ३१ जुलैची तारीख आहे. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतं. समाजमाध्यमांवर श्रेयाची आणि दोषाची वाटणी सुरू झाली, पण हरकतींची ६० दिवसांची मुदत काही पोस्टच्या दिवसापासून मोजत नाहीत. राजपत्राची (गॅझेटची) प्रत जनतेला उपलब्ध झाली, त्या दिवसापासून ती धरतात. मसुद्याच्या परिशिष्टात गावाचं नाव शोधताना तालुक्यावरून शोधा. इंग्रजी स्पेलिंग तुमच्या सवयीचं असेलच असं नाही.

२०२० च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर तारीख २३ मार्चची होती आणि तो राजपत्रात आला ११ एप्रिलला. टाळेबंदी सुरू होती. दिल्ली उच्च न्यायालयाने शेवटी ११ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. त्या काळात हॅशटॅग जोरात होते. हॅशटॅगला हरकत म्हणून किंमत नाही. हरकत मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर लेखीच जावी लागते. तीही साच्यातली नको. कलम क्रमांक, आक्षेप आणि कारण आपल्या शब्दांत लिहा.

गावाजवळच्या प्रकल्पाचं गणित निराळं. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्रकल्प तपासणाऱ्या समित्यांच्या बैठकांची विषयपत्रिका आणि इतिवृत्त पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ पोर्टलवर येतं, त्यामुळे नेत्याच्या पोस्टची वाट पाहू नका. प्रकल्पाला मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. आपल्याकडचे लोक पुण्याच्या पीठाकडे जातात.

‘जंगल घोषित’ असं वाचलंत तर भारतीय वन अधिनियमाचं कुठलं कलम लावलंय ते पाहा. कलम ४ म्हणजे राखीव वन करण्याचा प्रस्ताव. राखीव वन होतं ते कलम २० च्या अधिसूचनेने. आणि घोषणा फिरूही शकते. मुंबईतल्या आरेतली मेट्रो कारशेड कांजूरमार्गला हलवल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालं. डिसेंबरमध्ये कांजूरच्या जागेचं हस्तांतर उच्च न्यायालयात अडकलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड पुन्हा आरेत आली.

नेत्याला प्रश्न विचारायचाच असेल तर ‘जंगल कधी वाचवणार?’ असं विचारू नका. अधिसूचनेचा क्रमांक द्या आणि एकच गोष्ट विचारा. उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न जशाचा तसा माहिती अधिकाराच्या अर्जात चालत नाही. त्याऐवजी त्या फाइलवरच्या टिपण्यांची प्रत मागा. केंद्रातल्या विभागासाठी शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस.