चांगथांगचा मुक्काम : कळपाच्या वेळापत्रकातला पाहुणा

लेहहून निघालेला रस्ता सिंधूच्या काठाकाठाने माहेच्या पुलापर्यंत येतो, तिथे नदीची साथ सोडतो आणि सुमदोमार्गे त्सो मोरिरी सरोवराकाठच्या कोरझोक गावाकडे चढू लागतो. झाडे केव्हाच मागे पडलेली असतात. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या आसपास असलेला हा मुलूख म्हणजे चांगथांग. या पठाराचा फार मोठा भाग तिबेटमध्ये असून त्याचे पश्चिमेकडचे टोक तेवढे भारतात, लडाखमध्ये येते. इथले चांगपा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणाकुरणांतून फिरत आले आहेत. 1959 नंतरच्या काळात पश्चिम तिबेटमधील अनेक पशुपालक कुटुंबे आपल्या कळपांसह सीमा ओलांडून त्यांच्या शेजारी आली. सुमदो, न्योमा, हानले या परिसरात त्यांच्या वस्त्या आहेत. चांगपा आणि ही निर्वासित कुटुंबे यांची बोली, धर्म आणि धंदा इतका जवळचा आहे की बाहेरून आलेल्याला दोघांतला फरक सहसा ओळखू येत नाही.

महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या बहुतेक सहली त्सो मोरिरी सरोवर एका मुक्कामात उरकतात. सरोवर पाहायचे, कोरझोकच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, डोकवायचे, वाटेत एखादा काळा तंबू दिसला तर गाडी थांबवून त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि परत फिरायचे. या चित्रफितीसोबतचे हे निवेदन त्या तंबूच्या आत राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

पडद्यावर दिसणारी ही दावण नीट पाहण्यासारखी आहे. शेळ्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या केलेल्या आहेत, आणि एकच लांब दोर एकीच्या मानेवरून दुसरीच्या मानेवर असा वेढे घेत पुढे गेला आहे, त्यामुळे त्यांची डोकी एकमेकींत अडकून बसली आहेत आणि एकीलाही पुढे-मागे होता येत नाही. घरातल्या बायका रांगेच्या मागच्या बाजूने, ओणव्याने सरकत एकेक शेळी पिळत जातात. एका शेळीचे दूध ते किती असणार. पण रांग लांब असते आणि तासाभरात हंडा भरतो. काम संपले की दोराचे टोक ओढले जाते, सारे वेढे सरसर सुटतात आणि कळप मोकळा होतो. अशा वेळी उत्साहाच्या भरात मदतीला धावणारा पाहुणा हा मदतीपेक्षा अडचणच अधिक असतो, कारण अनोळखी माणूस जवळ आला की शेळ्या बिथरतात. आधी विचारावे, आणि नको म्हटले तर बाजूला बसावे.

याकच्या केसांचा तंबू, म्हणजे रेबो, घरच्याच मागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून तयार होतो. कोरड्या हवेत त्याच्या विणीतून उजेड आणि धूर आरपार जातो. पाऊस आला की केस फुगून वीण घट्ट होते. आज अनेक कुटुंबे उन्हाळ्यात हलका कापडी तंबू वापरतात, बाहेर सौरपट्टी असते आणि मुक्काम हलवताना सामान याकऐवजी ट्रकवर चढते. पाहुण्याचा यामुळे हिरमोड होण्याचे काहीच कारण नाही. मधोमध चूल असते आणि आतल्या बाजूला देव्हारा. पुरुषांनी कुठे बसायचे, बायकांनी कुठे, हे ठरलेले असते, म्हणून यजमान दाखवतील त्या जागीच बसावे. चूल आणि देव्हारा यांच्याकडे पाय करू नयेत. चुलीत प्लास्टिक, खरकटे किंवा कागदाचे बोळे टाकणे हा तर मोठाच प्रमाद, कारण चुलीत देवतेचा वास आहे अशी श्रद्धा आहे.

चुलीत जळतात त्या लेंड्या, याकचे वाळलेले शेण आणि बुर्त्से नावाच्या खुरट्या झुडपाची मुळे. हे सर्व पाठीवरून वाहून आणलेले असते, पाणीही तसेच. अंघोळीसाठी गरम पाणी मागणारा पाहुणा नेमके काय मागतो आहे, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण यजमानांना ते अशिष्ट वाटते. पाहुण्याला मिळतो तो लोणी आणि मीठ घातलेला चहा, भाजलेल्या सातूचे पीठ, दही आणि दगडासारखे कडक वाळवलेले छुरपे नावाचे चीज. चहाचा पेला थोडा रिकामा झाला की पुन्हा काठोकाठ भरला जातो. पुरे झाल्यावर तो भरलेलाच राहू द्यावा आणि निघताना संपवावा.

या कुटुंबांना ‘साधी-भोळी माणसे’ म्हणण्याची प्रवासवर्णनांतली सवय सोडलेली बरी. हे पशुधनाचे मालक आहेत, आणि जगातल्या सर्वांत महागड्या तंतूंपैकी एकाचे उत्पादक आहेत. पश्म, म्हणजे शेळीच्या लांब केसांखालची मऊ लव, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपोआप सुटू लागते. तेव्हा शेळीचे पाय बांधून तिला आडवे केले जाते आणि वाकड्या दातांच्या लोखंडी फणीने ती लव विंचरून काढली जाते. एका शेळीमागे साधारण पाव किलो कच्चा माल निघतो. त्यातले राठ केस आणि धूळ काढून टाकल्यावर निम्म्याहून कमी उरतो. या व्यापारावर पूर्वी राज्यांचे तह होत असत: 1684 च्या तिंगमोसगांगच्या तहाने तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरकडे वळवली. आज माल व्यापाऱ्यांकडे जातो किंवा पशुपालकांच्या सहकारी संस्थेकडे, आणि लेहमध्ये त्यातले केस वेगळे करण्याचा कारखाना आहे. सहकारी संस्थेचे फायदे आणि राजकारण मराठी प्रेक्षकाला वेगळे समजावण्याची गरज नसावी.

कुरण कोणाचे आणि कधी, हे गोबा म्हणजे वस्तीचा मुखिया आणि जाणती मंडळी ठरवतात. 1962 च्या युद्धानंतर हिवाळी चराईच्या काही जागा सीमेपलीकडे गेल्या, त्यामुळे उरलेल्या कुरणांवरचा भार वाढला. करडे जन्मतात ती फेब्रुवारी-मार्चच्या कडाक्यात. 2013 च्या सुरुवातीला बर्फ इतके पडले की चारा त्याखाली गाडला गेला आणि हजारो जनावरे दगावली. लांडगे आहेतच. लांडग्याला पकडण्यासाठी पूर्वी बांधलेले दगडी खड्डे, शांगदोंग, अजूनही काही वस्त्यांजवळ दिसतात. चुशूलच्या ग्रामस्थांनी आपल्याकडच्या खड्ड्यांचा वापर थांबवून तिथे स्तूप उभारला, हे मात्र आवर्जून सांगायला हवे.

मुले लेह आणि त्याच्या शेजारच्या चोगलमसरच्या शाळांत असतात. चांगथांगमधल्या खारनाक भागातली बहुतेक कुटुंबे चोगलमसरजवळच्या खारनाकलिंग वस्तीत स्थायिक झाली आहेत. पठारावर जे उरले आहेत त्यांना शेळ्यांपेक्षा राखणाऱ्या हातांची चणचण अधिक भासते.

अशा घरी राहायचे तर आधी लेहमध्ये किमान दोन दिवस थांबून शरीराला उंचीची सवय करू द्यावी, सीमाभागाच्या परवान्याचे नियम तपासून घ्यावेत, आणि ओळखीच्या स्थानिक माणसामार्फत कुटुंबाला अगोदर विचारून घ्यावे. मुक्कामाचे पैसे आधीच ठरवावेत आणि ते घरच्या कर्त्या बाईच्या हाती द्यावेत, कारण पाहुण्याचे काम तिच्यावरच पडते. सोबत धान्य, भाजी, फळे न्यावीत. आपला कचरा लेहपर्यंत परत आणावा. पश्म विंचरण्याच्या दिवसांत अनेक कुटुंबे पाहुण्याला नाही म्हणतात, आणि त्या नकारात काहीही अढी नसते: एका पाहुण्याच्या पैशांपेक्षा वेळेवर न विंचरलेल्या शेळ्यांचे नुकसान मोठे असते. करडांच्या जन्माच्या दिवसांत तर विचारूही नये.