बरणीतले दात

अध्यक्ष महाशय, माझे सहकारी आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली सगळी मुलं-मुली,

आधी तुम्ही पुढे या बरं. इथे दोन रांगा रिकाम्या आहेत. आज जे बोलायचंय ते तुमच्याबद्दलच आहे. या, लाजू नका, व्हायव्हा नाहीये.

आज 24 डिसेंबर. डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्मदिवस, म्हणून आपण हा दिवस दंतवैद्य दिन म्हणून पाळतो. मघाशी तसबिरीला हार घातला, पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आपण सांगत नाही. अमेरिकेतल्या आयोवाहून पदवी घेऊन आलेल्या या माणसाने 1920 साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणला? 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान काढलं आणि त्याच्या कमाईवर कॉलेज उभं केलं. दातांच्या डॉक्टरने गोड सोडा विकला! हसा, हसा. पण मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. शिकवायचं तर शिकण्यासाठी जे जे लागतं ते उभं करणं हे शिकवणाऱ्याचं काम, असं या माणसाने मानलं. पुढे 1949 मध्ये ते कॉलेज त्यांनी सरकारला देऊन टाकलं.

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'दंतशिक्षण आणि दंतसेवा : सर्वांना सामावून घेताना'. सेवेकडे येतेच आहे. आधी शिक्षण, आणि शिक्षणात आधी बरणी.

नवीन बॅच आली की आपण काय काय करतो? फ्रेशर्स पार्टी होते. अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र भरून घेतो. प्रत्येक मुलाला एक मेंटॉर देतो, समुपदेशनाचा फलक लावतो. सगळं हवंच. पण आपण इथले की पाहुणे, हे मुलाला त्यातून कळत नाही. ते कळतं प्रीक्लिनिकलला, म्हणजे पेशंटला हात लावण्याआधी काढलेल्या दातांवर सराव होतो तिथे. कॉन्झचे, म्हणजे दात भरायला शिकवणारे सर सांगतात तेव्हा : "सोमवारपर्यंत दात घेऊन या. वरचे पुढचे, खालच्या दाढा, मुकुट शाबूत पाहिजे. कीड मोठी असलेला चालणार नाही."

दात घेऊन या. कुठून आणायचे ते कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीतच असतं असं धरून चाललेलं असतं. ज्याचे वडील डेंटिस्ट, त्याची बरणी रविवारी भरलेली असते. ज्याच्या मामाचं क्लिनिक आहे, त्याचा एक फोन पुरतो. ज्याच्या घराण्यात डॉक्टर सोडा, कॉलेजात गेलेलंच कोणी नाही, ते पोर हातात बोर्नव्हिटाची रिकामी बरणी घेऊन अनोळखी शहरात एकेका क्लिनिकच्या पायऱ्या चढतं. रिसेप्शनिस्ट विचारते, "अपॉइंटमेंट आहे का?" आता "मॅडम, काढलेले दात हवेत" हे वाक्य अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने, वेटिंगमध्ये बसलेल्या पेशंटांसमोर, कसं उच्चारायचं? तुम्ही हसताय, म्हणजे तुम्ही ते उच्चारलेलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. शाळा मराठी माध्यमाची, जिल्हा परिषदेची. नीटला चांगले मार्क पडले, सरकारी जागा मिळाली. हात इतका सुरेख की मेणाच्या ठोकळ्यातून तिने कोरलेली वरची पहिली दाढ मी पुढच्या बॅचना दाखवायला ठेवून घेतली होती. हीच मुलगी फँटम हेडपाशी, म्हणजे सरावाच्या पुतळ्यापाशी आली आणि मागे पडायला लागली. मी टेबलापाशी गेले तर प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवलेला दात अर्धा फुटका. त्यावर क्लास टू कॅव्हिटी, म्हणजे दाताच्या बाजूचा खड्डा, कोरला जाणार कसा? मी विचारलं, "अगं, चांगला का नाही बसवलास?" ती म्हणाली, "मॅडम, चांगले सगळे आधीच कुणाकुणासाठी ठेवलेले असतात. मला उरलेले मिळतात."

आता ओरल सर्जरीत दिवसभर दात निघतात, ते काय सगळे शाबूत निघतात? किडून पोखरलेले, फोडून काढावे लागलेले, असेच जास्त. चांगला दात दुर्मीळ, आणि दुर्मीळ वस्तू ओळखीने मिळते. त्या मुलीचे जर्नलमधले मार्क कमी पडत होते ते तिला मामा नव्हता म्हणून. आणि स्टाफरूममध्ये बोललं काय जायचं? "या मुलांना जमतच नाही हो, पाया कच्चा असतो." 'या मुलांना' म्हणजे कोणाला, ते सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी रँक विचारली जाते, रँकवरून कॅटेगरी ओळखली जाते, आणि मग फुटक्या दाताचा दोषही जातीच्या खात्यावर जमा होतो. ही माझी जुनी खंत आहे. ज्यांनी हे वाक्य माझ्यासमोर म्हटलं, त्या प्रत्येकाला मी तेव्हाच विचारलंय, "तुमच्या पहिल्या बरणीतले दात कोणी दिले होते?"

त्या मुलीची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. फायनल इयरला कोटा असतो. इतक्या फिलिंग, इतकी एक्स्ट्रॅक्शन, इतक्या कवळ्या. पेशंट कोणी द्यायचे? ओपीडीच्या दारात मुलं उभी राहतात आणि पेशंट पकडतात. धीट पकडतो, बुजरा बघत राहतो. त्यातही कवळीचा पेशंट म्हणजे सत्त्वपरीक्षा. पहिलं माप, दुसरं माप, मग जबड्यांची नोंद, मग मेणातले दात लावून बघायचे, मग कवळी बसवायची. पाच खेपा तरी होतातच, आणि मेणातल्या दातांपर्यंत येऊन आजोबा गावाला निघून जातात. त्यावर कळस म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेचा पेशंटही विद्यार्थ्यानेच आणायचा. त्याचं जाणं-येणं, जेवणखाण, वर हातात काहीतरी ठेवणं, हा खर्च कुठल्याच फी-स्ट्रक्चरमध्ये छापलेला नसतो, पण तो सगळ्यांना ठाऊक असतो.

ही मुलगी आपल्या गावाकडून एक आजोबा घेऊन आली. तोंडात एकही दात नाही, हिरडीचा कणा छान उंच, प्रोस्थोच्या, म्हणजे कवळ्या करणाऱ्या माणसाने बघून खूश व्हावं असा पेशंट. मी म्हटलं, "एवढा चांगला पेशंट कुठून शोधलास गं?" तर म्हणते, "मॅडम, आधी पंच्याहत्तरीपुढचे कोण आहेत ते विचारलं. त्यांना एसटीला तिकीट लागत नाही ना." 2022 पासून राज्यात 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्या सवलतीचा हिशेब करून तिने परीक्षेचा पेशंट निवडला होता. आणि तिच्याच बॅचमधल्या दुसऱ्या मुलाचा पेशंट वडिलांच्या क्लिनिकमधून गाडीत बसून आला. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, दोघांच्या कवळ्या एकाच फूटपट्टीने मोजल्या. नियमाने बरोबरच केलं त्यांनी. मला तो नियम खुपतो.

एक पोटविषय सांगून टाकते, कारण इथे डावखुरी मुलं असणारच. हात वर करा बघू. एक, दोन... तो मागचा, हो तूच. आपली डेंटल चेअर उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेली असते. ट्रे उजवीकडे, हँडपीस म्हणजे दात कोरायचं यंत्र उजवीकडे, आणि आपण शिकवतो की घड्याळातल्या नऊपासून बारापर्यंतच्या जागेत बसा. डावखुऱ्याला बारापासून तीनपर्यंत बसायचं असतं. दोन्ही बाजूंना फिरणारी युनिट मिळतात, एका क्लिनिकमध्ये एक असली तरी भागतं. पण खरेदीच्या यादीत ती ओळ कोणी लिहीत नाही, आणि ते पोर पाच वर्षं कंबर वाकडी करून काम करतं. मग आपणच त्याला पोश्चरवर लेक्चर देतो!

तर आम्ही काय केलं ते सांगते. विभागात दातांची बँक सुरू केली. ओरल सर्जरीत निघालेला, शिकण्याजोगा प्रत्येक दात पेशंटची परवानगी घेऊन एकाच ठिकाणी जमा. धुऊन, स्वच्छ करून ऑटोक्लेव्ह करायचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचा. अमाल्गम, म्हणजे पारा असलेलं मिश्रण, भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, गरम झालं की पाऱ्याची वाफ निघते. तो दहा टक्के फॉर्मलिनमध्ये दोन आठवडे ठेवायचा. मग नोंदवही, आणि वाटप रोल नंबरने. ओळखीचा संबंध नाही. शहरातल्या क्लिनिकवाल्यांना सांगितलं की भाच्यासाठी ठेवू नका, विभागाला द्या. बहुतेकांनी दिले, कौतुकाने दिले. काहींना फक्त कोणी विचारलेलं नव्हतं. ओपीडीतही तेच. पेशंट पकडायचा नाही, टोकनप्रमाणे यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याकडे जाईल. पहिल्या महिन्यात कुरकूर झाली, ती ज्यांचं आधी बरं चाललं होतं त्यांनी केली. आणि त्या मुलीनंतरच्या बॅचमध्ये प्रीक्लिनिकलला मागे राहणारी मुलं कोण, हे आडनावावरून सांगता येईना.

परीक्षेच्या पेशंटचं आपल्या एकट्याच्या हातात नाही, पण ते बदलू शकतं. अमेरिकेत लायसन्सच्या परीक्षेला उमेदवाराने स्वतः रुग्ण आणायची रीत अनेक वर्षं होती. 2020 मध्ये कोविड आला आणि अनेक राज्यांनी पुतळ्यावरची परीक्षा मान्य केली. साथीच्या धाकाने जे एका वर्षात झालं, ते आपण समजुतीने करू शकतो. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावरची माणसं या सभागृहात बसलेली आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, परीक्षेचा पेशंट कॉलेजने पुरवावा, एवढा ठराव आणा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा अर्धा विषय आता धावत घ्यावा लागणार. ठीक आहे.

भाषा. नीट मराठीतून देता येते, आणि पहिल्याच आठवड्यात ॲनॉटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर येतं. वर्गात मराठीतून समजावा, कमीपणा काही नाही. आणि ओपीडीत मराठी माध्यमाच्या मुलांना पुढे करा. बाई म्हणते, "दात आंबलेत", "गार पाण्याने सणक जाते", "रात्रभर ठणका, झोप नाही", "चावलं की कळ येते". चार वेगळ्या तक्रारी आहेत. सणक लगेच थांबते तिथे दात बहुधा वाचतो. रात्रीचा ठणका असेल तर रूट कॅनाल डोळ्यासमोर येतं, चावताना कळ आली तर मुळाच्या टोकाशी काही झालंय का किंवा दाताला तडा गेलाय का ते बघायचं. शहरी मुलगा चारही ठिकाणी 'पेन' लिहितो. त्या क्षणी वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी गावाकडचा असतो, आणि हे त्याला सगळ्यांसमोर सांगायला हवं.

मशेरी. बाई मशेरी लावते, म्हणून इंटर्न तिच्यावर ओरडतो. ओरडू नका. भाजलेल्या तंबाखूची पूड आहे ती, तिला तिचं व्यसन लागलंय, आणि ओरडा खाल्लेली बाई परत येत नाही. मग गालातला, पुढे कर्करोग होऊ शकणारा पांढरा चट्टा कोण बघणार? शेजारी बसून विचारा, दिवसातून किती वेळा लावता, कधी लागते. तोंड किती उघडतं ते तिच्याच बोटांनी मोजून घ्या.

मुली. 1923 साली फातिमा जिना कलकत्त्याला शिकून मुंबईत दवाखाना उघडून बसल्या होत्या. आज आपल्या बहुतेक वर्गांत मुली मुलांपेक्षा जास्त. तरी ओरल सर्जरी मागणाऱ्या मुलीला अजून विचारतात, "ताकद पुरेल का?" दात ताकदीने निघत नाही. तो सॉकेट, म्हणजे हाडातली खोबण रुंदावून, योग्य दिशेने हलवून निघतो, हे आपणच शिकवतो ना?

एचआयव्ही. 2017 चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. "मोठ्या हॉस्पिटलला जा" हे सभ्य शब्दांत नाकारणंच आहे. प्रत्येक पेशंटसाठी निर्जंतुकीकरण एकसारखं असेल तर वेगळी खुर्ची कशाला लागते?

अपंग. 2016 च्या कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आल्या, पण क्लिनिक दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना बदलता येत नसेल तर आठवड्यातला एक सकाळचा वेळ तळमजल्यावरच्या एखाद्या दवाखान्यात पेशंट तपासायला ठेवा, फोनवर तसं सांगा. बहिऱ्या पेशंटशी बोलताना मास्क लावण्याआधी सगळं समजावून सांगा, हातात पाटी किंवा मोबाइल ठेवा, दुखलं तर कुठला हात वर करायचा ते ठरवा. ओठ झाकले की त्यांच्यासाठी तुमचं बोलणं बंद होतं. स्वमग्न मुलाला पहिल्या भेटीत फक्त खुर्चीत बसू द्या, एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा आवाज दुरून ऐकू द्या. आईला सांगा, आज दात बघणार नाही. फी नका घेऊ त्या दिवसाची.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. दातांच्या बँकेची नोंदवही आणि पेशंटच्या परवानगीचा मराठी फॉर्म, दोन्हींचे नमुने बाहेर टेबलावर ठेवलेत. प्रत्येक कॉलेजने एकेक संच न्यावा. आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न आत्ता पुढच्या रांगेत येऊन बसलेल्यांपैकी कोणाचा तरी येऊ दे.