शोल्त्स: देणं वसूल करणाऱ्याचं आडनाव

6 नोव्हेंबर 2024, बर्लिन. त्या रात्री जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी स्वतःच्या अर्थमंत्र्यांना, क्रिस्टियान लिंडनरना, घरी पाठवलं आणि तीन पक्षांचं सरकार मोडलं. भांडणाच्या मुळाशी होतं 'शुल्डेनब्रेम्झं', म्हणजे सरकारने कर्ज किती काढायचं यावर तिथल्या राज्यघटनेनेच घातलेली मर्यादा. आता यातला 'शुल्ड' नीट ऐका, कारण तोच शुल्ड या शोल्त्सांच्या आडनावात पण बसलाय.

शोल्त्स (आपल्या पेपरात शोल्झ छापून यायचं) हा मुळात हुद्दा. जुना जर्मन शब्द स्कुल्डहाइझो. स्कुल्ड म्हणजे देणं आणि हाइझो म्हणजे हुकूम सोडणारा, म्हणजे तुझ्याकडे जे निघतंय ते भर बाबा असं बजावणारा राजाचा नाहीतर जमीनदाराचा माणूस. इटलीत जाऊन राज्य केलेल्या लोंबार्ड लोकांच्या 643 सालच्या कायद्यात पण हा अधिकारी सापडतो. पुढे शब्द झिजला, शुल्थाइस झाला, शुल्झं झाला, वसुलीसोबत गावातले छोटे खटले पण त्याच्याकडे आले. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की जर्मनमध्ये शुल्ड म्हणजे कर्जही आणि अपराधही, दोन्हीला आजही एकच शब्द.

आडनावाची गोष्ट खरी रंगते 12व्या-13व्या शतकात. जर्मन शेतकरी पूर्वेकडे जंगल तोडून नवी गावं वसवत होते, आणि जो माणसं गोळा करून आणायचा, जमिनी वाटून द्यायचा तोच बऱ्याचदा तिथला शुल्झं व्हायचा. त्याला स्वतःची जमीन सारामाफ, दंडातला तिसरा हिस्सा, कुठे गिरणी तर कुठे दारूचा गुत्ता, आणि हे सगळं बापानंतर पोराकडे. पाटील-देशमुख आडनावं रोज ऐकणाऱ्या आपल्याला पुढचं सांगायला नको.

हायडेलबर्गच्या विद्यापीठात 14व्या शतकातलं कायद्याचं एक सचित्र हस्तलिखित आहे, त्यातलं एक चित्र बघा. जमीनमालक सनद देतोय, ती घेणाऱ्या गावप्रमुखाच्या डोक्यावर गवती टोपी, आणि बाजूला लोक झाडं तोडतायत, घर उभं करतायत. एक अख्खं गाव एका चौकटीत जन्माला येतंय!

मुलूख बदलला की उच्चार बदलतो. पश्चिमेकडच्या वेस्टफालियात शुल्टं, आता बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या सायलेशियाकडे शोल्त्स, आणि बाकी शुल्त्स तर जर्मनीभर. शहरातला शुल्थाइस मात्र बडी असामी, कवी ग्योथेचे आईकडचे आजोबा फ्रँकफुर्टचे शुल्थाइस होते आणि नातवाला योहान वोल्फगांग हे नाव त्यांचंच मिळालं.

जर्मनीच्या नैर्ऋत्येकडल्या व्युर्टेम्बर्गमध्ये हा हुद्दा 1930 पर्यंत टिकला. पोलंडमध्ये तर आजही आहे, तिकडे गावाच्या प्रमुखाला सोउतिस म्हणतात, शब्द हाच, फक्त जीभ पोलिश. त्याला गावकरी निवडून देतात, आणि कितीतरी गावांत शेतीचा कर गोळा करायला अजून तोच दारोदार फिरतो.