आधी न्हाणं, मग तेल

(दृश्य : पहाट. न्हाणीतला बंब, झाकणाखालून सुटणारी वाफ.)

जानेवारी. परभणीकडे या दिवसांत पारा कधी कधी एक आकडी होतो. वारा कोरडा, बोअरचं पाणी जड. मोठ्यांच्या टाचा फुटतात, त्याची कुणी तक्रार करत नाही. या घरातलं दहा महिन्यांचं लेकरू मात्र दिवाळीपासून खाजवतंय.

(दृश्य : पाटावर बसलेली आजी. पसरलेल्या पायांवर बाळ.)

हे बसणं नीट बघा. दोन्ही पाय लांब, साडी गुडघ्यावर, आणि नडग्यांच्या मधल्या पन्हाळीत बाळ. हलायला फारशी जागा नाही, पडायची भीती नाही. डोक्यावर तांब्या ओतताना डाव्या हाताची ओंजळ कपाळावर आडवी धरली जाते. पाणी कानामागून उतरतं, नाकात जात नाही. स्वतःची चार लेकरं, पाच नातवंडं या पायांवर न्हाली. गल्लीतली कुणी मोजलेली नाहीत.

(दृश्य : डिसेंबरमधलं चित्रण. तेलाची वाटी, परातीत कालवलेलं पीठ.)

हे आमच्या पहिल्या फेरीतलं. तेव्हाचा क्रम असा होता. आधी तेल, वाटी चुलीवर धरून गरम केलेलं. मग डाळीचं पीठ, दुधावरची साय आणि चिमूटभर हळद. हा लेप अर्धवट वाळू द्यायचा आणि तळहातानं रगडून काढायचा. त्यानं अंगावरची लव जाते, रंग उजळतो, असं घराघरांत मानतात. मग कढत पाणी, तांब्यामागून तांब्या. मग साबण, कारण अंग तेलकट राहायला नको. मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. मग वासाची पावडर, आणि शेवटी लोकरीचं टोपडं.

तेलाचं काय झालं ते पाहिलंत? निम्मं पीठ घेऊन गेलं, उरलेलं साबण. लेकरू दुपट्यात गुंडाळलं गेलं तेव्हा त्याच्या कातडीवर काहीच शिल्लक नव्हतं.

(बाइट, आजी : "आमच्या टायमाला कुठं होते डॉक्टर? सारी लेकरं अशीच वाढली. हेच एक खाजवायलंय बघा.")

(दृश्य : बाळाचे गाल, अगदी जवळून. मग दंड, पिंढऱ्या.)

गाल लाल, वर बारीक खपल्या, मध्येच ओलसर. कपाळ, हाताची बाहेरची बाजू, पायाच्या पिंढऱ्या खरखरीत. लंगोटाखालची जागा मात्र नितळ. डॉक्टरांच्या दृष्टीनं ही मोठी खूण आहे. तान्ह्या बाळाचं इसब बहुधा असंच पसरतं. लेकरू चालायला लागलं की तेच कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत, मनगटांवर, मानेवर सरकतं.

गावात याला कुणी नायटा म्हणालं, कुणी खरूज. नायटा बुरशीचा, खरूज किड्याची. दोन्हींची औषधं वेगळी. खरजेत रात्री घरातली तीन-चार माणसं एकदम खाजवतात, आणि तान्ह्याच्या तळहात-तळपायांवरही पुरळ दिसतं. इथं खाजवणारं एकटं बाळ. शेजारीण म्हणाली, दुधात गरमी आहे. झालं. सुनेचं वांगं बंद, दही बंद, अंडी बंद, शेंगदाण्याचा कूटसुद्धा बंद. महिनाभर ती भाकरी आणि साधं वरण खात होती. लेकराची खाज तितकीच राहिली. काही बाळांना, विशेषतः इसब तीव्र असेल तर, अन्नाची ॲलर्जी असते. ती डॉक्टरांनी शोधायची असते. बाळंतिणीला उपाशी ठेवून ती सापडत नाही.

(दृश्य : तालुक्याचा दवाखाना. बाकावर रांग.)

डॉक्टरांचा पहिला प्रश्न बाळाबद्दल नव्हताच. "घरात कुणाला दमा? सकाळी उठल्या उठल्या शिंका?" बाळाचे वडील दारात उभे होते, त्यांनी हात वर केला. लहानपणी थंडीत धाप लागायची. इसब, दमा, शिंका ही एकाच घरातली भावंडं. म्हणजे यात आईच्या दुधाचा दोष नाही, रक्त "खराब" असल्याचाही नाही. सुनेनं सासूकडे पाहिलं. तो क्षण कॅमेऱ्यात आहे, त्यावर बोलायची गरज नाही.

(दृश्य : वाड्याचं माळवद. शिडीवरून वर जाणारा कॅमेरा.)

कातडीचं समजून घ्यायला आपण गच्चीवर जाऊ. भेगाळलेल्या काळ्या रानाचं दृश्यही आमच्याकडे होतं. मराठवाडा म्हटलं की सगळेच ते दाखवतात, म्हणून गाळलं. हे माळवद जास्त कामाचं आहे.

लाकडी तुळया, वर दाटून बसवलेल्या किलचा, म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर मातीचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. पावसाळ्याआधी घरधनी पाट्या भरून पांढरी वर चढवतो, पसरतो, चोपून बसवतो. एखाद्या वर्षी आळस केला की कोपऱ्यातून गळती ठरलेली. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर असाच रचलेला असतो. चपट्या पेशींचे थर, आणि त्यांच्या फटी बुजवणारी चरबी. ही चरबी आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं खुपणारं आत येऊ देत नाही. ज्यांना इसब होतं त्यांचा हा थर मुळातच कमजोर. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन या रचनेला लागतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा इसबाशी संबंध आहे, हे 2006 साली संशोधकांनी दाखवलं. सगळ्याच बाळांत तो बिघाड नसतो, पण गळतं माळवद सगळ्यांचंच.

माळवदाला पांढरी वर्षातून एकदा पुरते. या बाळाला ती दिवसातून दोन-तीनदा घालावी लागते.

(दृश्य : खिडकीतल्या फळीवर चेपलेली ट्यूब.)

ही ट्यूब गल्लीच्या मेडिकलातून आणलेली. आत एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक. गाल तीन दिवसांत साफ झाले. थांबवल्यावर आठवड्याभरात दुप्पट लाल. पुन्हा ट्यूब. अशा चार झाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्याच ट्यूबवर छापलेलं असतं. 2018 साली केंद्र सरकारनं कितीतरी स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. इथं मोबाईलमधला जुन्या ट्यूबचा फोटो दाखवला की काम होतं. अशी मलमं महिनोन् महिने लावली तर तान्ह्याची कातडी पातळ पडते आणि औषध रक्तातही उतरू शकतं.

(दृश्य : डॉक्टरांचं बोट, त्यावर मलमाची रेघ.)

गंमत म्हणजे डॉक्टरांनीही स्टेरॉइडच दिलं. फक्त सौम्य, मोजून आणि ठरलेल्या दिवसांपुरतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ही एवढी रेघ. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लाल जागेवरच लावायचं, लाली गेली की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थांबायचं. "स्टेरॉइड" शब्द ऐकूनच घाबरून लेकराला महिनाभर ओरबाडू देणं, हेही याच दवाखान्यात रोज दिसतं. तीव्र आणि सौम्य यांतला फरक ट्यूबच्या रंगावरून कळत नाही, म्हणून तर चिठ्ठी.

(दृश्य : जानेवारी. पुन्हा न्हाणी. बादलीच्या कडेचा पांढरा थर.)

आता नवा क्रम. हे चित्रण सलग तीन सकाळी केलं आणि ते फारसं कापावंसं वाटलं नाही.

बादलीला बसलेला हा पांढरा थर बोअरच्या क्षारांचा. या पाण्यात साबण फेसाळत नाही, म्हणून जास्त घासला जातो आणि कातडीवर चिकटून राहतो. जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ब्रिटनमध्ये 336 मुलांच्या घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवून पाहिलं, निष्कर्ष 2011 साली आला, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त काही फायदा दिसला नाही. तेव्हा यंत्राचे पैसे ठेवा. बंद करायचाय तो साबण. कातडी स्वभावानं किंचित आंबट, साबणाची वडी अल्कधर्मी. डॉक्टरांनी बिनसाबणाचं सौम्य धुणं लिहून दिलंय, तेही मान, काख, जांघ एवढ्यापुरतं.

डाळीचं पीठ गेलं. धुरी गेली. पावडर गेली. यातल्या धुरीवरून दोन दिवस घरात अबोला होता.

(दृश्य : आजीचं कोपर पाण्यात.)

कढत पाण्याऐवजी कोमट. आजी कोपर बुडवून बघते, मान हलवते. कोपराला गरम लागलं तर थंड पाणी मिसळायचं. आंघोळ पाच ते दहा मिनिटं. मग धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याच्या फडक्यानं टिपायचं. घासून पुसायचं नाही. फडकं ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. आणि अंगावर ओल आहे तोवर, तीन मिनिटांच्या आत, वरून थर.

(दृश्य : बोटांवर पांढरट जेली. हात, पाय, पोट, शेवटी गाल.)

थर कशाचा? बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा. डॉक्टरांनी हेच सांगितलं, स्वस्त आणि बिनरंगी. आजीचा चेहरा बघा. तिला हे पटलेलं नाही.

(दृश्य : घाणा. करडईच्या काटेरी बोंडांचा ढीग.)

तिचं मन इथं अडकलंय. करडई मराठवाड्याचं रब्बीचं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं "परभणी कुसुम" नावाचा वाण दिला. एके काळी ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी असायच्या, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. घरचं तेल, घरचीच पेंड. मग सोयाबीन आलं, पिशवीतलं तेल आलं, आणि काढणीला काटे टोचतात म्हणून मजूरही मिळेना. आता या पंचक्रोशीत आम्हाला सापडला तो हा एकच घाणा. धार बघा, मधासारखी.

आजीचा आग्रह अगदी पोकळ नाही. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, आणि कातडीच्या फटी बुजवणाऱ्या चरबीत हेच लागतं. ऑलिव्ह तेलात हे कमी, ओलेइक आम्ल जास्त. त्यानं कातडीचा थर उलट सैल पडतो असं प्रयोगांत दिसलंय, तरी शहरात तान्ह्यांसाठी त्याच्या बाटल्या खपतात. खोबरेल तेलाचे अनुभवही चांगले आहेत. पण नुसतं तेल जेलीइतकं पाणी धरून ठेवत नाही, आणि चिघळलेल्या जागी कुठलंच तेल चोळायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी तह केला. आंघोळीनंतर सगळीकडे जेली. दुपारी पाठीला आणि पायांना करडईचं तेल, हलक्या हातानं, तेही बरी झालेली कातडी असेल तिथंच.

आम्हाला विचाराल तर या तहामुळेच हे घर नव्या क्रमावर टिकून राहिलं. ज्या घरात आजीला "तुम्हाला काही कळत नाही" म्हणतात, तिथं सून कामाला गेली की जुना क्रम पुन्हा सुरू होतो.

(दृश्य : शेजारच्या घराचं कुलूप.)

शेजारचं घर ऊसतोडीला गेलंय. त्यांच्याकडेही दीड वर्षाचं लेकरू आहे, तसंच खाजवणारं. फडावरच्या खोपीत पाचटाची धूळ असते आणि पाणी आणावं लागतं.

(दृश्य : मोबाईलवरचं अंधुक चित्रण. रात्र.)

हे आईनं काढलेलं आहे. डिसेंबर, रात्रीचे दोन. आवाज मुद्दाम ठेवलाय.

(पाच सेकंद निवेदन नाही.)

नखं दर दोन दिवसांनी कापायची. हातात सुती पिशव्या. लोकर थेट अंगाला नको, आत सुती झबलं आणि त्यावर स्वेटर. फार गुंडाळायचं नाही, घामानंही खाज चढते. पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू, ताप, किंवा एकदम उठलेले बारीक फोडांचे पुंजके दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

(दृश्य : फेब्रुवारी. अंगणात बाजेवर बाळ. आजीच्या मांडीवर डबी.)

गाल अजून पूर्ण साफ नाहीत. शाळेच्या वयापर्यंत बऱ्याच मुलांचं इसब कमी होतं, मधूनमधून ते उसळतं. या घराची खरी अडचण आता वेगळीच आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात मुलांना आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं असं म्हटलंय. बाळ लहान आहे, त्याला कमी पुरेल, तरी ही डबी 40 ग्रॅमची. शनिवारी आणली, मंगळवारी तळ दिसला.

(बाइट, आजी, डबी चमच्यानं खरवडत : "एवढुशा डबीनं काय होतंय? किलोनं द्यायलेत का बघ म्हणावं.")

सून हसते. वडील गाडी काढतात. आज आठवडी बाजार आहे.