चार ओळी कोऱ्या ठेवा

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना मला ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणाले. आमच्या गावात मला ‘व्हिडिओवाला’ म्हणतात, आणि आई अजून पाहुण्यांना ‘तो मोबाइलपुढं बोलत बसतो’ एवढंच सांगते. मी तासगाव तालुक्यातला द्राक्षवाला. साडेतीन एकर बाग आणि त्या बागेवर चालणारा एक चॅनेल. कंपन्यांशी नातं वर्षानुवर्षं कसं टिकवायचं, हा आजचा विषय. पहिल्या वर्षी ते मला अजिबात जमलं नव्हतं, तिथूनच सुरुवात करतो.

चॅनेलला वीसेक हजार लोक झाले होते तेव्हा पिकावर फवारायच्या एका टॉनिकच्या कंपनीचा फोन आला. एका रीलचे पंधरा हजार. कुरियरने बाटली आली आणि बाटलीसोबत काय बोलायचं त्याचा कागद. मणी फुगतो, साल चमकते, वजन भरतं. मी त्याच दिवशी बागेत उभा राहून ते घडाघडा बोललो. बाटलीचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं. तेव्हा मणी बाजरीएवढा होता, तो फुगतो की नाही हे कळायला अजून दोन महिने जायचे होते. पण त्यांना रील दुसऱ्या दिवशी हवी होती.

पाच-सहा आठवड्यांनी शेजारच्या गावचे एक अण्णा पिशवीत घड घालून दारात आले. मण्यांवर तपकिरी डाग. ‘तुझं बघून मारलं बाळा,’ म्हणाले आणि ओट्यावर बसले. आईने चहा दिला, तो त्यांनी घेतला. मी मात्र त्यांच्यासमोर बसू शकलो नाही.

डाग त्या टॉनिकनेच पडले, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. अण्णांनी त्याच टाकीत आणखी दोन औषधं मिसळली होती. मिसळू नका, हे मी व्हिडिओत सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. कंपनीच्या माणसाला फोन लावला. दोनदा उचलला, पुढे उचलेना. त्याच्या दृष्टीने माझं काम संपलं होतं, आणि कागदावर बघायला गेलं तर ते खरंच होतं.

ऑक्टोबर छाटणीपासून माल काढणीपर्यंत आमच्याकडे साधारण १२० ते १४० दिवस जातात. पीक एवढ्या दिवसांचं आणि माझा व्यवहार तीस सेकंदांचा. सगळं गणित तिथंच चुकलं होतं. तुमच्यात कुणी स्वयंपाकाचे व्हिडिओ करत असेल, कुणी गडांचे, कुणी मेकअपचे. तुमच्याही वस्तूला तिचा तिचा हंगाम असतो. बूट चांगले की वाईट हे पावसाळा गेल्यावर कळतं. कढईचं तळ सहा महिन्यांनी कळतं. दीर्घकाळाची भागीदारी म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की वस्तूचा निकाल लागेपर्यंत कंपनी आणि तुम्ही दोघं त्याच बांधावर उभे असता.

थोडं मागे नेतो. इथे पन्नाशीच्या पुढची मंडळी आहेत, त्यांच्या कानात ‘बहनों और भाइयों’ आपोआप वाजेल. १९५२ साली आपल्या बाळकृष्ण केसकरांकडे नभोवाणी खातं आलं. माणूस मराठी, शास्त्रीय संगीतावर जीव, आणि सिनेमाच्या गाण्यांवर राग. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, सिनेमाची गाजणारी गाणी पायरीपायरीने लावणारा कार्यक्रम. टूथपेस्ट विकणारी सीबा ही स्विस कंपनी प्रायोजक, आणि बोलायला अमीन सायानी नावाचा विशीतला मुंबईकर पोरगा, आठवड्याला पंचवीस रुपयांवर. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. मग दर बुधवारी रात्री आठला देश रेडिओपाशी बसायचा. पुढे टूथपेस्टचं नाव बिनाकाचं सिबाका झालं, कार्यक्रमाचं नाव त्याच्या मागोमाग बदललं. लोक मात्र बिनाकाच म्हणत राहिले. तीसहून जास्त वर्षं हे चाललं.

आता यात आपल्या धंद्याचं काय आहे? गाणं कितव्या पायरीवर हे ठरवायला देशभरातल्या दुकानांतून रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे मागवले जायचे, गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेतली जायची. ती पायरी विकाऊ नाही, अशी लोकांची खात्री होती. टूथपेस्टवाल्यालाही पायरीत रस नव्हता. त्याने बुधवारची रात्र विकत घेतली होती, निकाल विकत घेतला नव्हता. समजा सीबा कंपनी टूथपेस्टऐवजी रेकॉर्ड विकत असती, तर तो कार्यक्रम दोन वर्षांत आटोपला असता असं मला वाटतं. आपण रील करणारे नेमकं उलटं करतो. जी गोष्ट लोक आपल्याकडून पारखून घ्यायला येतात, तिचीच पायरी विकून टाकतो.

म्हणून टॉनिकच्या प्रकरणानंतर मी एक अट घातली. कुठलंही फवारायचं उत्पादन असो, बागेत चार ओळी कोऱ्या ठेवणार. त्यांच्यावर ते मारणार नाही. काढणीला दोन्हीकडचा माल काट्यावर घालणार आणि जे दिसेल ते दाखवणार. आमचा प्रेक्षक साधासुधा नाही हो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायच्या औषधाचे, अंश सापडले आणि कंटेनर अडकले. ते सगळेच वापरायचे, त्याची तिकडे तपासणी होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तेव्हापासून द्राक्षवाला कुठल्याही बाटलीला आधी विचारतो, लेबल क्लेम आहे का, म्हणजे द्राक्षावर मारायची सरकारी मान्यता आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं? अशा माणसापुढे कंपनीचा कागद वाचून चालत नाही.

अट ऐकून सात कंपन्या गेल्या. गेल्या म्हणजे भांडून नव्हे, ‘वरती विचारून कळवतो’ म्हणून गेल्या. जवळजवळ दीड वर्ष चॅनेलवर एका रुपयाची जाहिरात नव्हती. हे दीड वर्ष मी पेललं ते बेदाण्यावर, हेही सांगून ठेवतो. ज्याच्या घरचं भाडं रीलवर चालतं त्याने माझं ऐकून उद्यापासून सगळ्यांना नकार देऊ नये.

मग आला एक ब्लोअरवाला. फवारणी यंत्रं बनवणारा लहान कारखानदार, जाहिरातीचं वेगळं खातं वगैरे काही नाही. मी म्हटलं, एका व्हिडिओचा दर सांगणार नाही, हंगामाचा सांगतो. छाटणीनंतर एक, डावणी या बुरशी रोगाच्या दिवसांत एक, मणी फुगताना एक, आणि माल गेल्यावर यंत्र उघडून आतलं दाखवणारा एक. चार सुट्या व्हिडिओंपेक्षा पैसे कमी घेतो, पण नावं ठेवायचा हक्क माझ्याकडे. तो हसला. म्हणाला, नावं ठेवा, फक्त आधी मला फोन करा.

दुसऱ्याच महिन्यात फोन करावा लागला. नोझल तुंबत होतं. आमच्या विहिरीचं पाणी जड, आणि जाळी त्या मानाने विरळ. तो स्वतः आला, बघून गेला, दहा दिवसांत जाळी बदलून दिली. मी दोन्ही दाखवलं, तुंबलेलं आणि बदललेलं. त्या व्हिडिओखाली साडेतीनशे प्रश्न आले. सवयीने मी उत्तरं देत बसलो आणि रात्री एक गोष्ट लक्षात आली, की हे प्रश्न त्याला कुठेच विकत मिळणार नाहीत. जतचा माणूस क्षारांबद्दल विचारतो, निफाडचा उताराच्या जमिनीबद्दल, कुणी विचारतो एकट्या बाईमाणसाला टाकीचं झाकण उघडेल का. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी मी सगळे प्रश्न वहीत उतरवून त्याला पाठवतो. कोणत्या भागातून कोणती तक्रार, किती वेळा. आज चौथं वर्ष. त्याचा करार दरवर्षी पुढे चालू होतो तो माझ्या व्ह्यूजमुळे नाही, त्या वहीमुळे. माझ्या तिप्पट व्ह्यूजवाले त्याला अर्ध्या पैशात मिळतात, हे त्यानेच मला सांगितलंय.

कराराबद्दल थोडं. तीन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा. एक, तुमचा चेहरा ते किती दिवस आणि कुठे वापरणार. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा फोटो करार संपून दोन वर्षांनी दुकानाच्या फ्लेक्सवर होता, आणि तोवर ती दुसऱ्याच कंपनीचं काम करत होती. दोन, दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही ही अट. ती घालायला हरकत नाही, पण त्या प्रकारच्या वस्तूपुरती आणि तेवढ्या महिन्यांपुरती, आणि बांधून घेतल्याचे वेगळे पैसे. तीन, मंजुरी. व्हिडिओ आधी कंपनीला दाखवायचा की नाही?

याला अमूलचं उदाहरण देतो. १९६६ पासून त्या ठिपक्यांच्या फ्रॉकवाल्या मुलीचे फलक मुंबईतली दाकुन्हांची एजन्सी करते. आपल्या भरत दाभोळकरांनीही त्यावर लिहिलं. अमूलचे प्रमुख कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती, प्रत्येक फलक आधी मंजुरीला पाठवायची गरज नाही. सकाळची बातमी आठवड्याच्या आत फलकावर यायची ती त्यामुळे. आपण काही दाकुन्हा नाही, त्यामुळे मी मधला रस्ता काढला. दर, मिश्रणाचं प्रमाण, तांत्रिक माहिती कंपनीने तपासावी, एकदाच, दोन दिवसांत. माझं मत त्यांनी तपासायचं नाही.

कायद्याचं भराभर सांगतो, कारण हे कुठेही मिळेल. पैसे घेतले, वस्तू फुकट घेतली, तर ते सांगणं बंधनकारक आहे. आस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांचीच जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, तिचे नियम जून २०२१ पासून, सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ची. ज्या भाषेत जाहिरात, त्याच भाषेत हे सांगायचं. मराठी व्हिडिओखाली बारीक इंग्रजी हॅशटॅग टाकून सुटका नाही. मी सुरुवातीलाच तोंडाने म्हणतो, ‘यांच्याकडून पैसे घेतलेत.’ दिशाभूल केली तर पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. पण त्याच २०१९ च्या ग्राहक कायद्यात एक दारही आहे: दाव्याची खातरजमा तुम्ही नीट केली होती हे दाखवता आलं तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. माझ्या चार कोऱ्या ओळी वकिलाला फार आवडतात त्या याचमुळे.

फुकट आलेल्या वस्तूवरही कर आहे. वर्षात वीस हजारांच्या वर गेलं की दहा टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापायचा कर, जुलै २०२२ पासून. वस्तू वापरून परत केलीत तर नाही. ब्लोअर मी परत करतो. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. ‘अकाउंट्समध्ये अडकलंय’ म्हणणाऱ्याला नोंदणीचा क्रमांक बिलावर छापून पाठवला की अडकलेलं बरंच काही सुटतं.

वेळ संपत आली, चिठ्ठी आली आहे. शेवटचं एक, ताजं. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला. मी आजवर बघितलेली सगळ्यात मोठी रक्कम. कागद चांगला आहे, चेहऱ्याचं कलम नीट आहे, पैसे वेळेत आहेत. फक्त चार कोऱ्या ओळींऐवजी ते म्हणतात, कोऱ्या ओळी ठेवा पण दाखवू नका, आकडे आम्हाला द्या. मी उलटं लिहून पाठवलंय: आकडे आधी तुम्हाला देतो, आठ दिवसांनी लोकांना. त्या अण्णांना विचारलं मी, काय करू? ते म्हणाले, ‘आधी ओळी सोड, मग बघू.’ पुढच्या मंगळवारी माझी छाटणी आहे. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.

हं, विचारा प्रश्न. मागच्या ताई आधी.