लाल डिप्लोमा, लाल पासपोर्ट

[उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद. पहाटेचं स्वयंपाकघर. ताटात गोल रोटी.]

उझबेक घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्यापुढे एक गोल रोटी धरतात. 'नॉन' म्हणतात तिला. निघणाऱ्याने एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी घरच्यांनी जपून ठेवायची. माणूस परतला की ती त्याने संपवायची. सैन्यात जाणाऱ्या मुलांनी असे घास तोडले, रशियात बांधकामावर जाणाऱ्या बापांनी तोडले. आता हा घास मुलीही तोडतात. त्यातल्या काहींच्या बॅगेत लाल पुठ्ठ्याचा डिप्लोमा असतो. बहुतेक विषयांत अव्वल आलेल्यांना लाल डिप्लोमा द्यायची ही पद्धत सोव्हिएत काळातली.

[विमानतळाची पाटी.]

ताश्कंदच्या विमानतळाला इस्लाम करीमोव यांचं नाव आहे. देश 1991 मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला तेव्हापासून 2016 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या राज्यात परदेशी जायचं तर परक्या देशाचा व्हिसा नंतर, आधी स्वतःच्याच देशातून बाहेर पडायची परवानगी काढावी लागायची. पासपोर्टवर तिचं स्टिकर चिकटायचं. तरुण बाई असली की चौकशी जास्त, कधी घरच्यांनाही प्रश्न. हे स्टिकर 1 जानेवारी 2019 ला बंद झालं आणि परदेश प्रवासासाठी लाल रंगाचे नवे पासपोर्ट आले. दार उघडं मिळालं, म्हणून मुली निघाल्या. पण दार उघडं असलं तरी सगळेच काही घर सोडत नाहीत. मग या शिकलेल्या मुलीच का?

[जुने कृष्णधवल फोटो: चौकात पेटलेली होळी.]

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. 8 मार्च 1927. उझबेकिस्तानच्या शहरांत भर चौकात बायकांचे बुरखे, तिथल्या भाषेत 'परंजी', जाळले गेले. मोहिमेचं नाव होतं 'हुजुम', म्हणजे हल्ला. नाव अगदी नेमकं होतं, कारण हुकूम मॉस्कोचा होता आणि त्याची किंमत मोजली बायकांनी. परंजी उतरवली म्हणून कित्येकींचे खून पडले, काहींचे तर सख्ख्या भावांच्या हातून. मात्र पुढच्या दोन पिढ्यांत त्याच देशात मुली डॉक्टर झाल्या, शिक्षिका झाल्या, इंजिनियर झाल्या. बदललं नाही ते घर. ऑपरेशन थिएटरमध्ये हुकूम सोडणारी बाई घरी सासूच्या हुकुमातच राहिली.

[पहाट. अंगण झाडणारी तरुण सून.]

सुनेला उझबेक भाषेत 'केलिन' म्हणतात. केलिनने सगळ्यांच्या आधी उठायचं, अंगण झाडायचं, रस्त्याचा आपल्या दारापुढचा तुकडाही झाडायचा. पाहुण्यांच्या पियोल्यात, म्हणजे प्याल्यात, हिरवा चहा ओतायचा, तोही अर्धाच. प्याला काठोकाठ भरला तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. म्हणून ती परत परत उठते आणि परत परत ओतते. पदवीच्या परीक्षेत पहिली आलेली असली तरी ओततेच.

आता मुलीच्या लग्नाचं बोलणं घेऊन येणाऱ्या बायकांचं ऐका. यांना 'सोवची' म्हणतात. त्या विचारतात, मुलगी शिकलेली आहे ना? पदवी हवीच असते. पण पदवी घेतलेल्या सुनेने नोकरी करावी की नाही, हे पुढे सासर ठरवणार. मला विचाराल तर सगळी गोष्ट या एका जागी अडली आहे. पदवी इथे रुखवतात मांडायची वस्तू आहे. आल्यागेल्याने पाहावी, वाहवा करावी आणि मग ती कपाटात जावी.

आणि वय? चोविशी-पंचविशी उलटली की कानावर शब्द येतो: 'कारी किझ', म्हातारी मुलगी. आईच्या तोंडी एकच वाक्य: 'ओदमलार निमा देयदी?' लोक काय म्हणतील? भाषांतर करायची गरज नव्हती म्हणा.

[कापसाचं शेत. आकाशातून घेतलेलं दृश्य.]

नोकरी मिळाली तरी ती कसली? शाळा आणि दवाखाने बायकांच्याच जिवावर चालतात. दर चारांत साधारण तीन कर्मचारी बायका, आणि नेमके हेच कमी पगाराचे धंदे. बायकांची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने कमी भरते. त्यात कापूस. विदर्भात म्हणतात तसंच उझबेकही कापसाला पांढरं सोनं म्हणतात, 'ओक ओलतिन'. वर्षानुवर्षं दर शरदात शिक्षिका, नर्स, डॉक्टर यांना सक्तीने शेतात उतरवलं जायचं. वर्गात बीजगणित शिकवणारी बाई कंबरेला पिशवी बांधून बोंडं वेचायची आणि संध्याकाळी त्याचं वजन द्यायची. ही पद्धतशीर सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2022 मध्ये जाहीर केलं. ज्या मुली आज निघताहेत, त्यांनी आईला त्या शेतातून घरी येताना पाहिलं आहे.

काहीच बदललं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. करीमोव यांच्या अखेरच्या काळात कॉलेजच्या वयाच्या शंभर मुलामुलींपैकी जेमतेम 9 जण उच्च शिक्षणात पोचत. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या शवकत मिर्झियोयेव यांच्या काळात हा आकडा 40 च्या आसपास गेला. मुलींसाठी जादा जागा आल्या. 2022 मध्ये सरकारी विद्यापीठात मास्टर्स करणाऱ्या बाईची फी सरकार भरू लागलं. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय 2019 मध्ये 17 वरून 18 झालं. घरातली मारहाण स्वतंत्र गुन्हा ठरायला मात्र एप्रिल 2023 उजाडावं लागलं. तोवर, आणि अजूनही बऱ्याचदा, मार खाल्लेली बाई आधी 'महल्ल्या'त, म्हणजे वस्तीच्या समितीपुढे जाते, आणि तिथली वडीलधारी मंडळी समेट घडवून तिला परत त्याच घरी पाठवतात.

म्हणजे सरकारने शिकलेल्या मुलींची संख्या झपाट्याने वाढवली. त्यांना सामावून घेईल असं घर काही हुकूम काढून उभं राहत नाही.

[इस्तंबूलची फेरी बोट. डोक्याला रुमाल बांधलेली तरुणी.]

सगळ्यांचं कारण एक नसतं. 1998 च्या कायद्याने उझबेकिस्तानात सार्वजनिक ठिकाणी धार्मिक पोशाखाला बंदी होती. हिजाबवरून विद्यापीठात मुलींची अडवणूक झाली. बंदी 2021 मध्ये उठली, पण तोवर काहीजणींनी तुर्कस्तान गाठलं होतं. तेव्हा एक निघते डोकं झाकता यावं म्हणून, दुसरी निघते लग्नाचं कुणी विचारू नये म्हणून. दोघींच्या तक्रारी उलट्या, पण मागणं एकच: माझं मला ठरवू द्या.

आणि तिकडे गेल्यावर? इथे स्वप्नाळू संगीत लावायचा मोह आम्ही टाळतो आहोत. इस्तंबूलमध्ये परक्यांची मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या उझबेक बायकांत एकेकाळच्या शिक्षिका आहेत, नर्स आहेत. अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या सोडतीत, उझबेक नावं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने निघाली. न्यूयॉर्कला उतरलेल्या डॉक्टरणीला मात्र पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, आणि तोवर पोटासाठी मिळेल ते काम. जर्मनीने सप्टेंबर 2024 मध्ये समरकंद शहरात उझबेकिस्तानशी स्थलांतराचा करार केला, कारण त्यांना कुशल माणसं हवी आहेत. याच समरकंदच्या वैद्यकीय विद्यापीठात आपल्याकडची मुलं एमबीबीएसच्या पदवीसाठी फी भरून जातात. कोण कुठे डॉक्टर व्हायला जातं आणि कोण कुठून निघून जातं, पाहा.

[पुन्हा ते स्वयंपाकघर. कपाटात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.]

एकट्या मुलीने परदेशी जायला घरात एकच कारण चालतं: शिक्षण. पैशासाठी गेली म्हटलं तर बापाची मान खाली, स्वातंत्र्यासाठी म्हटलं तर त्याहून वाईट. म्हणून मुली मास्टर्सचा अर्ज भरतात. शेजारीण विचारते, 'लेक कुठे आहे?' आई म्हणते, 'शिकतेय.'

दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपतो. नोकरी लागते, भाड्याच्या घराचा करार होतो. कपाटातली रोटी दगडासारखी होते. शेजारीण पुन्हा विचारते. आई अर्धा प्याला चहा ओतते आणि म्हणते, 'अजून शिकतेच आहे.'