कुरकुरणारी खुर्ची

(दृश्य: खुर्चीच्या हाताचं टोक, अगदी जवळून.)

हा डाग बघा. लाकूड इथं काळपट झालंय आणि गारगोटीसारखं गुळगुळीतही. कितीतरी वर्षं कुणाचा तरी तळवा इथं टेकत होता, त्याचा घाम आणि तेल मुरलंय. पण सागाची ही खुर्ची दुरुस्तीला आली ती डागासाठी नव्हे. बसलं की कुरकुरते, एवढीच तक्रार.

गेल्या शतकातल्या पन्नास-साठच्या दशकांतल्या या घडणीला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. नाव भारदस्त, खुर्ची साधी. निमुळते पाय, मागे कललेली पाठ, कोरीवकामाला फाटा. नक्षीच नाही म्हटल्यावर नजर थेट सांध्यांवर जाते.

डेन्मार्कचे फर्निचर डिझायनर हान्स वेगनर यांची १९४९ सालची ‘राउंड चेअर’ घ्या. हात आणि पाठ मिळून लाकडाची एकच कमान. सुरुवातीच्या खुर्च्यांत पाठीचे सांधे वेत गुंडाळून झाकले होते. पुढे वेगनर यांनी बोटांत बोटं गुंफावीत तसा नागमोडी सांधा केला आणि तो उघडाच ठेवला. १९६० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्या टीव्हीवरच्या वादचर्चेत हीच खुर्ची होती. तिचं नाव झालं ते त्या चर्चेमुळे. मला विचाराल तर व्हायला हवं होतं त्या सांध्यामुळे.

(दृश्य: उलटी ठेवलेली खुर्ची. पाय हलवून दाखवणारा हात.)

आपल्या खुर्चीचं कुसू, म्हणजे सांध्यात खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सैल होऊन हलतंय. आत जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद, निघाला, हे नशीब. ऊब आणि ओल दिली की सरस मऊ पडतो आणि लाकूड न फोडता सांधा सुटतो. जुना थर खरवडायचा, नवा लावायचा, शिकंज्यात आवळायचं आणि रात्रभर त्याच्या वाटेला जायचं नाही. काही जण खिळा ठोकून मोकळे होतात. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं. खिळा तसाच राहतो. मग भोक सैल होतं आणि पुढच्या कारागिराचं काम दुप्पट.

बैठकीखालचे रबरी पट्टे कडक होऊन तडकले होते. ते सरळ बदलले.

घासायला मशीन नको. क्षणात कडा बोथट होतात, आणि या खुर्चीचं रूप कडांतच आहे. बारीक पॉलिश पेपर, हातानं, रेषांच्या दिशेनं. मग जवसाचं तेल पातळ लावून जास्तीचं पुसून घ्यायचं. तेलाची चिंधी मात्र चोळामोळा करून फेकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळू द्या.

(दृश्य: तयार खुर्ची.)

मालकीणबाईंनी विचारलं, “हा डाग नसता का गेला?”

गेला असता. हाताचं टोक मात्र झिजून बारीक झालं असतं.

तेल नीट वाळेपर्यंत बसू नका, असं बजावलं होतं. त्या बसल्याच. खुर्ची काही बोलली नाही.